बैठकींच्या सीडींची बिनचूक प्रत: खात्री कशावरून करायची

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात सव्वाशेच्या आसपास ऑडिओ सीडी आहेत. निम्म्या विकत घेतलेल्या, नाट्यसंगीत आणि अभंगांच्या. उरलेल्या उत्सवांतल्या बैठकी, भजनं आणि घुमट आरत्यांच्या, ध्वनिमुद्रण करणाऱ्याने त्या वेळी बर्न करून दिलेल्या. पूर्वी सगळ्यांच्या एमपी३ करून ठेवल्या होत्या, त्यात मध्येच टिकटिक ऐकू येते. म्हणून आता सीडी तपासून उतरवणारं एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर, म्हणजे ईएसी, वापरायला घेतलं. काही सीडींना 'अॅक्युरेटली रिप्ड' असा शेरा मिळाला, बऱ्याच सीडींना 'डेटाबेसमध्ये नाही', आणि दोन सीडींवर 'सस्पिशियस पोझिशन', म्हणजे अमुक जागेचं वाचन संशयास्पद. डेटाबेसमध्ये नाही म्हणजे प्रत चुकली का? आणि महाग ड्राइव्ह घ्यावा लागेल का?

पहिल्याचं उत्तर: चुकली असं अजिबात नाही. तुमची सीडी ताडून बघायला दुसऱ्या कोणाची सीडी मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याचं उत्तर: महाग नको, पण दुसरा ड्राइव्ह हवा, आणि तो वेगळ्या बनावटीचा. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण त्यावरच सगळं काम उभं आहे.

संगणकाची फाइल सीडीवरून उतरवताना गडबड झाली तर संगणक तक्रार करतो. ऑडिओ सीडीचं तसं नाही. दोन्हींचा सेक्टर २३५२ बाइटचा असतो, पण डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइटच फाइलचे. उरलेली जागा मुख्यतः चुका ओळखायला आणि दुरुस्त करायला राखलेली असते. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट म्हणजे आवाजच, आणि असे ७५ सेक्टर मिळून एक सेकंद. त्याच्या खाली चूक-दुरुस्तीचा मूळ थर असतो आणि तो चांगला दणकट आहे. वाचनाच्या रेषेवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचं भगदाड तो पूर्ण भरून काढतो. पण त्यापलीकडे गेलं की ड्राइव्ह शेजारच्या सॅम्पलांवरून (आवाजाच्या एकेका क्षणाच्या मोजमापांवरून) अंदाज बांधतो, किंवा तेवढा भाग मुका करतो, आणि पुढे जातो. साधा प्लेअर तो अंदाज खरा धरून फाइल बनवतो. तुमच्या एमपी३मधली टिकटिक बहुधा इथूनच आली.

म्हणून कानाने तपासणं पुरेसं नाही. चांगला बांधलेला अंदाज कानाला कळतच नाही. मी प्रत बिनचूक मानतो ती एकाच कसोटीवर: एकमेकांशी संबंध नसलेली दोन वाचनं बाइटनबाइट जुळली पाहिजेत. विकतच्या सीडीसाठी दुसरं वाचन जगातल्या अनोळखी माणसाने आधीच करून ठेवलेलं असू शकतं. बैठकीच्या सीडीसाठी ते तुम्हालाच करावं लागतं.

आता ईएसीची मांडणी. ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये वाचनाची पद्धत 'सिक्युअर' ठेवा. 'डिटेक्ट रीड फीचर्स' हे बटण, ओरखडा नसलेली सीडी घालून, एकदा चालवा. 'अॅक्युरेट स्ट्रीम' बहुतेक सगळ्या ड्राइव्हना असतं. 'कॅशेस ऑडिओ डेटा' या ओळीवर मात्र नीट लक्ष द्या. ड्राइव्ह वाचलेला भाग स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. ईएसीने तोच भाग पुन्हा मागितला की सीडीकडे न जाता स्मृतीतलाच परत देतो. मग दोन वाचनं जुळतात, पण ते एकच वाचन दोनदा दाखवलेलं असतं. शंका असेल तर या चौकटीत खूण करूनच ठेवा. काम हळू होईल, खोटं होणार नाही. 'सी२' म्हणजे चूक झाल्याचं ड्राइव्हने स्वतः सांगणं. सगळे ड्राइव्ह ते प्रामाणिकपणे सांगत नाहीत, त्यामुळे मी ते बंद ठेवतो. 'एरर रिकव्हरी क्वालिटी' हाय. आवाजाची पातळी बदलणारं 'नॉर्मलाइझ' बंद. सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापणारा पर्यायही बंद, कारण तानपुरा लागायच्या आधीची शांतता हाही ध्वनिमुद्रणाचाच भाग आहे.

त्यानंतर ऑफसेट. प्रत्येक ड्राइव्ह वाचनाची सुरुवात थोडी पुढे-मागे करतो, आणि त्या मॉडेलपुरती ही चूक नेहमी सारखीच असते. अनेक ड्राइव्हना +६ लागतं, काहींना +६६७, प्लेक्स्टर कंपनीच्या जुन्या ड्राइव्हपैकी पुष्कळांना +३०. हे आकडे सॅम्पलांचे आहेत, आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरली तर ६६७ म्हणजे साधारण पंधरा मिलिसेकंद. ऐकण्याच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही. ताडून बघायला मात्र ते अत्यावश्यक आहे. ऑफसेट भरला नसेल तर दोन ड्राइव्हांवरचे सगळे ट्रॅक न जुळणारे दिसतात आणि माणूस घाबरून जातो. खूप खपलेली, अॅक्युरेटरिपच्या (लोकांच्या वाचनांचे निकाल जमा करणाऱ्या, वर आलेल्या त्याच डेटाबेसच्या) यादीत असलेली एखादी सीडी घातली की ईएसी ऑफसेट आपोआप ओळखून विचारतं. त्यासाठी हिंदी चित्रपटगीतांची किंवा इंग्रजी गाण्यांची गाजलेली सीडी शेजाऱ्याकडून मागून आणली तरी चालेल. दोन्ही ड्राइव्हना हे एकेकदाच करायचं.

प्रत करताना नेहमी 'टेस्ट अँड कॉपी' वापरा, म्हणजे एफ६. आधी पूर्ण वाचन होऊन त्याची सीआरसी निघते, मग दुसरं वाचन फाइलमध्ये जातं आणि त्याचीही सीआरसी निघते. सीआरसी म्हणजे त्या ट्रॅकच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली आठ अक्षरांची खूण. लॉगमध्ये, म्हणजे ईएसी लिहून ठेवतं त्या कामाच्या नोंदीत, समजा 'टेस्ट सीआरसी ७सी४१०ए९एफ, कॉपी सीआरसी ७सी४१०ए९एफ, कॉपी ओके' असं दिसलं, तर त्या ड्राइव्हपुरतं काम चोख. 'ट्रॅक क्वालिटी ९९.७ टक्के' बघून मन खट्टू करू नका. काही भाग पुन्हा पुन्हा वाचावा लागला, एवढंच तो आकडा सांगतो. खुणा जुळल्या असतील तर ९९.७ही चालतं. उलट १०० टक्के आहे पण खुणा वेगळ्या आहेत, तर ती प्रत मी ठेवत नाही.

विकतच्या सीडींचं काम आता सोपं आहे. अॅक्युरेटरिपच्या शेऱ्याशेजारी 'कॉन्फिडन्स' म्हणून आकडा असतो, म्हणजे किती जणांचं वाचन तुमच्याशी जुळलं. २ किंवा जास्त असेल तर निर्धास्त राहा. १ असेल तर थांबून विचार करा, कारण तो एकटा माणूस पूर्वी हीच सीडी उतरवलेले तुम्हीच असू शकता. मराठी नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या सीडी या यादीत बऱ्याचदा सापडत नाहीत. तेव्हा त्यांनाही खाली सांगितलेला बैठकींचाच नियम लावा. एक खाचखळगा सांगून ठेवतो. तुमच्याकडची 'विकतची' सीडी ही कोणीतरी करून दिलेली नक्कल असेल, आणि ती करताना प्रत्येक गाण्यामागे दोन सेकंदांची जागा घातली गेली असेल, तर ट्रॅकांच्या सुरुवातीच्या जागा बदलतात आणि यादी तिला ओळखतच नाही. वाचन बिनचूक असतं, मूळ सीडी वेगळी असते.

आता बैठकी. इथे मी थोडा आग्रह धरतो: कामाची सुरुवात याच सीडींपासून करा. विकतच्या सीडीत खड्डे दाबून उठवलेले असतात. घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर लेझरने भाजलेला असतो, आणि तो उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू उतरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे या सीडी कशा सुटतील? त्यात बाजारात दुसरी प्रत मिळण्याचा प्रश्नच नाही. वास्कोच्या सप्ताहातली एखादी रात्र किंवा गावच्या देवळातली बैठक त्या एकाच चकतीवर असू शकते.

या सीडींना यादी नाही, म्हणून दुसरा ड्राइव्ह हीच तुमची यादी. एका ड्राइव्हवर 'टेस्ट अँड कॉपी' जुळलं तरी धोका उरतो. एखाद्या ओरखड्यावर तोच ड्राइव्ह दर वेळी तोच अंदाज बांधू शकतो आणि चुकीच्या खुणा अगदी नेमाने जुळतात. वेगळ्या बनावटीचा ड्राइव्ह तोच अंदाज तसाच बांधेल, ही शक्यता फार कमी. त्यासाठी नवीन घेण्याचीही गरज नाही. मोडीत निघालेल्या डेस्कटॉपमधला डीव्हीडी रायटर चालू असेल तर तो काढून घ्या. १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा असलेलं यूएसबी जोडणीचं अडॅप्टर लावलं की झालं. लॅपटॉपला लावायचे पातळ ड्राइव्ह चालतात, पण त्यांना पुरेशी वीज मिळाली नाही की ते वाचता वाचता अडखळतात. ते थेट मशीनच्या पोर्टला लावा, हबला नको.

दोन्ही ड्राइव्हांच्या कॉपी सीआरसी ट्रॅकवार शेजारी मांडा. बहुतेक जुळतील. नाही जुळल्या तर ईएसीच्या टूल्समधलं 'कंपेअर वेव्ह्ज' दोन्ही फाइलींना लावा. फरक नेमका कितव्या सेकंदाला आहे ते तिथे कळतं. मग तिसरं वाचन घ्या, वेग ८एक्स किंवा ४एक्सवर (नेहमीच्या वाजवण्याच्या आठपट किंवा चौपट) आणून, आणि तिघांपैकी दोन जुळतात का ते बघा. हा निकाल ट्रॅकवार लावायचा. पहिला ड्राइव्ह पाचव्या ट्रॅकवर बरोबर आणि नवव्यावर चूक असू शकतो.

शेवटच्या ट्रॅकबाबत मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. +६६७ ऑफसेटच्या ड्राइव्हला सीडीच्या अगदी शेवटची ६६७ सॅम्पलं साधारणपणे मिळत नाहीत, आणि ईएसी तिथे शून्यं भरतं. +६वाल्याला फक्त सहाच कमी पडतात. विकतच्या सीडीचा शेवट बहुधा निःशब्द असतो, त्यामुळे फरक दिसत नाही. बैठकीची सीडी मात्र पुष्कळदा टाळ्यांच्या मध्येच तुटलेली असते. तिथे शेवटचा ट्रॅक जुळला नाही आणि फरक फक्त अखेरच्या पंधरा मिलिसेकंदांत असेल, तर काही बिघडलेलं नाही. +६ची फाइल ठेवा.

तुमच्या त्या दोन 'सस्पिशियस पोझिशन'वाल्या सीडींकडे येतो. लॉगमध्ये त्या जागेची वेळ दिलेली असते. ती आधी बघा. जवळजवळ प्रत्येक ट्रॅकच्या शेवटच्या दोन सेकंदांतच तक्रार असेल, तर त्या सीडीवर गाणी सुटी सुटी, 'ट्रॅक अॅट वन्स' पद्धतीने बर्न केलेली असावीत. त्या पद्धतीत दर ट्रॅकनंतर लेझर बंद होऊन पुन्हा लागतो, आणि त्या जोडावर ड्राइव्ह अडखळू शकतो. ती जागा दोन गाण्यांमधल्या पोकळीत येते, संगीत शाबूत असतं. तक्रार मधूनच, ०:०४:१७ सारख्या वेळी असेल, तर ते खरंखुरं नुकसान समजा.

तेव्हा सीडी हातात घेऊन उजेडात तिरकी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारा ओरखडा दिसायला वाईट, पण वाचनाची रेषा तो आडवी कापतो, म्हणून प्रत्येक फेऱ्यात अगदी थोडंच बिघडतं. गोल फिरणारा, रेषेला समांतर ओरखडा केसाएवढा असला तरी सलग लांब पट्टा खराब करतो. म्हणूनच पुसताना कधीही गोल पुसू नका, मधून बाहेर सरळ पुसा. कोरडं फडकंही नको. आपल्याकडची तांबडी धूळ बारीक वाळूसारखी घासते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुणं, टिपून घेणं आणि सावलीत वाळवणं. चिकट डाग राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावाल तर पृष्ठभाग कायमचा धुरकट होईल.

लोक वाचायची बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. प्रत्यक्षात नाजूक बाजू छापील. वाचायच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे, वरच्या बाजूला धातूच्या थरावर लाखेचा पातळ लेपच काय तो. सीडी बल्बसमोर धरा. सुईच्या टोकासारखे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला धातू गेलेला आहे, आणि पॉलिशने त्यात काहीच फरक पडणार नाही. अशा वेळी निरनिराळे ड्राइव्ह आणि कमी-जास्त वेग आजमावणं एवढंच हाती राहतं. कागदी लेबल चिकटवलेलं असेल आणि ओलीने कडा सुटत असल्या, तर ते ओढून काढण्याचा मोह टाळा, खालचा थर त्याच्याबरोबर निघतो. अशी सीडी फिरताना डगमगते, म्हणून ती सुरुवातीपासूनच ४एक्स किंवा ८एक्सवर वाचा. एसीच्या खोलीतून आणलेल्या थंड सीडीवर आणि ड्राइव्हच्या भिंगावर पावसाळ्यात बाष्प धरतं. अर्धा तास बाहेर ठेवून मगच घाला.

ड्राइव्हमध्ये घातल्यावर सीडी कोरी दिसते, पण खालच्या बाजूला बर्न झालेला गडद पट्टा डोळ्यांना दिसतो, असंही होईल. ती बहुधा फायनलाइज केलेली नाही, म्हणजे बर्न करण्याची शेवटची, सीडी बंद करण्याची पायरी राहिली आहे. ज्या रेकॉर्डरवर ती केली त्याच प्रकारच्या रेकॉर्डरवर ते काम पुरं होऊ शकतं, म्हणून टाकून देऊ नका.

बिघडलेली सीडी विकतची असेल तर आणखी एक वाट आहे. क्यूटूल्स या सॉफ्टवेअरच्या सीटीडीबी यादीत नुसत्या खुणा नसतात, दुरुस्तीपुरती जास्तीची माहितीही ठेवलेली असते. सीडी यादीत असेल आणि चुका थोड्या असतील, तर तुमची सदोष प्रत ते तंतोतंत मूळ स्वरूपात आणून देतं. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर ही ईएसीची जागा चांगली चालवतात, ऑफसेट आणि अॅक्युरेटरिप दोन्ही त्यांत आहेत.

इथवर सगळं एकत्र धरायचं तर: ऑफसेट एकदा, प्रत्येक सीडीला टेस्ट अँड कॉपी, यादीत असेल तर कॉन्फिडन्स २ किंवा वर, नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हशी जुळवणी, आणि न जुळलेल्या ट्रॅकांना तिसरं वाचन. चांगली सीडी एका ड्राइव्हवर अर्ध्या तासात उरकते, बिघडलेली सगळी दुपार खाऊ शकते. कामाच्या मध्ये वीज गेली तर तो ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून घ्या.

फाइल एफएलएसी, म्हणजे आवाज न गमावता आकार कमी करणाऱ्या प्रकारात, ठेवा. तासाभराची सीडी वेव्हमध्ये (आकार कमी न केलेल्या फाइलीत) सुमारे ६३५ एमबी होते, एफएलएसीत साधारण निम्म्याच्या जरा वर, आणि एक बाइटही हरवत नाही. आकार कमी करण्याची शून्य ते आठ यांतली कोणतीही पातळी निवडा, फरक फक्त आकाराचा आणि वेळेचा. शिवाय त्या फाइलच्या आत मूळ आवाजाची खूण साठवलेली असते. दहा वर्षांनी हार्डडिस्कवर शंका आली तर एका आज्ञेत तपासता येतं. लॉगची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, तीच तुमची पावती. आणि दोन डिस्कांवर प्रती असू द्या, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

नावं देवनागरीत लिहा, ईएसीच्या नव्या आवृत्त्यांना युनिकोड चालतं. जुन्या मार्गदर्शिकांत नावं आणायला फ्रीडीबी सांगितलेलं असतं, ते २०२० साली बंद झालं. बैठकीच्या सीडीला यादीतून नाव आपोआप आलंच तर ते हमखास दुसऱ्याच सीडीचं असेल, पुसून टाका. गायक, पेटी, तबला, राग, गाव, उत्सव, साल हे हाताने भरा, आणि कव्हरवर ज्याने कोणी लिहिलं असेल त्या अक्षराचा फोटो काढून सोबत ठेवा. ही माहिती सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच मिळते.

गाडीत किंवा चवथीला जुन्या म्युझिक सिस्टीमवर लावायला पुन्हा सीडी करायची असेल, तर ईएसीला क्यू शीट, म्हणजे ट्रॅक कुठे सुरू होतात त्याची यादी, बनवायला सांगा आणि त्यावरून 'डिस्क अॅट वन्स' पद्धतीने, म्हणजे पूर्ण सीडी एका दमात, बर्न करा. सुटी गाणी ओढून बर्न केलीत तर विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये दोन सेकंदांचा खड्डा पडेल, चालू असलेला ठेका तिथे तुटेल. कोरी सीडी चांगल्या कंपनीची घ्या, वेग मध्यम ठेवा, आणि झाल्यावर ती दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून खुणा ताडा.

विकत घेतलेल्या सीडीची स्वतःच्या ऐकण्यापुरती प्रत हा भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधल्या खासगी वापराचा विषय आहे. बैठकीत गाणाऱ्याचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, म्हणून त्या फाइल यूट्यूबवर टाकण्याआधी कलाकाराला किंवा घरच्यांना विचारा.

दोन बिघडलेल्या सीडींपैकी एखादी यातूनही सुटली नाही, तर इथे तीन गोष्टी टाका: दोन्ही ड्राइव्हांची मॉडेलं, त्या ट्रॅकच्या दोन्ही लॉगमधल्या ओळी, आणि सीडी बल्बसमोर धरून काढलेला फोटो. ठिपके कुठे आहेत ते दिसलं की पुढचा वेग आणि पद्धत नेमकी सांगता येईल.